गावच्या हायस्कूलचा पट 54 वर आलाय, लेकीला आठवीला तिथंच घालू का?

लेकीची आई, भुदरगड
आमच्या गावात आठवी ते दहावीचं अनुदानित हायस्कूल आहे. मी तिथंच शिकले. तेव्हा नववीच्या दोन तुकड्या होत्या, एका बाकावर तिघी बसायचो. आता तिन्ही वर्ग मिळून 54 पोरं. यंदा दहावीला 16 बसली, दोन नापास, निकाल 87.50 टक्के. गावात तेवढंच बोलणं चाललंय. गणिताचे सर रिटायर झाले, जागा भरली नाही; हिंदीच्या बाई गणित घेतात. बाई जीव तोडून शिकवतात, पण विषय त्यांचा नाही.

मुलगी झेडपीच्या शाळेत सातवी पास झाली. तिच्या वर्गातल्या 11 जणींपैकी पाच जणी गारगोटीला इंग्रजी मीडियमला निघाल्या. मालक म्हणतात, आपणही गाडी लावू. पोरगी विचारते, "आई, तू शिकलीस त्या शाळेत मी गेले तर काय बिघडतंय?" काय सांगू तिला?

निवृत्त मुख्याध्यापक, कागल
ताई, 16 पोरांत एक पोर म्हणजे सव्वासहा टक्के. 2025 ला कोल्हापूर विभागाचा निकाल 96.87 होता, त्याच्याशेजारी 87 ठेवलं की पोटात गोळा येणारच. पण एका वर्षावर जाऊ नका. पाच वर्षांचे विषयवार मार्क मागा, मुख्याध्यापक दाखवतील.

खरी काळजी गणिताच्या जागेची. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद उडतं, शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत जातो, विषयाला माणूस उरत नाही, मग आणखी पोरं जातात. त्या पाच जणी गेल्या तर तुमच्या मुलीच्या वर्गावरही त्याचा परिणाम होणार. आणखी एक, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी ताडून घ्या. माझ्या शाळेत चार पोरं रोज वर्गात बसायची, पण आधार जुळेना म्हणून पटात धरली नाहीत. पालकांनी खेटे घातले तेव्हा सुटलं.

राधानगरीकर
आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या पोरांना ती देता येत नाही, हे गाडी लावायच्या आधी मालकांना सांगा. माझ्या थोरलीला मिळते. पहाटे पाचला उठून चुलीपुढं बुद्धिमत्तेची गणितं सोडवायची.

चंदगडहून
शाळेवर जीव आहे हे कळतंय, पण गणिताला माणूस नसेल तर दहावीत पोरगी अडकेल. मी माझ्या मुलाला हलवलं, मला पस्तावा नाही.

लेकीची आई, भुदरगड
काल शाळेत जाऊन आले. नापास दोघांतला एक गणितात अडकलेला, जुलैच्या परीक्षेला बसतोय. मागच्या चार वर्षांत मिळून एकच नापास. सरांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं, त्यात माझं नाव, वडिलांचा व्यवसाय 'शेती', शाईचा डाग तसाच.

गावातली एक बीएस्सी झालेली मुलगी संध्याकाळी गणित घ्यायला तयार आहे, पैसे आम्ही पालक वर्गणीनं देणार. पाचांपैकी तिघींच्या आया रविवारी शाळेत यायच्या आहेत. फॉर्म घरी आणलाय, मालकांची सही तेवढी राहिलीय.