विश्वस्त व्हायला विचारलंय, सही करण्याआधी काय काय बघू?

माहेरवाशीण:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या बोर्डिंगात राहून मी अकरावी-बारावी केली, १९८० ते ८२. (आमच्याकडे वसतिगृहाला बोर्डिंगच म्हणतात. शाहू महाराजांच्या वेळच्या, १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून हा शब्द लोकांच्या तोंडी आहे.) आमच्या वाडीला तेव्हा एसटी येत नव्हती. बोर्डिंग नसतं तर दहावीनंतर माझं लग्नच झालं असतं, माझ्या थोरल्या बहिणीचं झालं तसं. पुढे पोस्टात लागले, सगळी नोकरी तिथेच झाली, आता निवृत्त आहे.

बोर्डिंग काढणाऱ्या बाई जाऊन बरीच वर्षं झाली. कारभार आता एक सर बघतात, वय ८१. गेल्या महिन्यात ते स्वतः घरी आले आणि म्हणाले, "विश्वस्त हो, माझ्यानंतर बघणारं कुणी नाही." मी लगेच हो म्हणणार होते. पण त्यांनी प्रोसिडिंग बुक (सभेचे ठराव लिहायची वही) उघडून पुढे केलं, त्यात मध्ये दोन पानं कोरी सोडलेली होती. "इथं सही कर, मागची तारीख घालून ठराव नंतर लिहून घेतो," म्हणाले. माणूस अत्यंत सचोटीचा आहे, एक रुपया इकडचा तिकडे केलेला नाही. आजवर असंच चालत आलं म्हणून ते तसं म्हणाले. मी पोस्टात आयुष्यभर तारखेचा शिक्का मारला, माझा हात पुढे होईना. "आठ दिवसांनी सांगते," म्हटलं.

आणखी दोन गोष्टी कानावर आल्यात. भिंतीवरच्या फलकावर सात विश्वस्तांची नावं आहेत, त्यातले तिघे वारलेत. आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाळे बांधून ते ३० वर्षांच्या कराराने द्यायचे, असं एका विश्वस्तांच्या मनात आहे.

आमचे हे म्हणतात, पेन्शन आहे, घर आहे, कशाला गळ्यात धोंड बांधून घेतेस. पण सध्या तिथे ३८ मुली आहेत आणि मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचंच आहे. विश्वस्त झाल्यावर जुन्या कारभाराची जबाबदारी माझ्यावर येते का? कुठले कागद मागू? विश्वस्त न होता मदत करता येईल का?

पंचगंगाकाठ:

ताई, कोऱ्या पानावर सही केली नाहीत हे फार चांगलं झालं. वकिली करतो, धर्मादाय कार्यालयात नेहमीचं जाणं-येणं आहे, म्हणून लिहितो.

सार्वजनिक न्यासाला (ट्रस्टला) आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. जुने लोक त्याला अजून बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्टच म्हणतात. आधी न्यासाचा नोंदणी क्रमांक विचारा. 'ई' ने सुरू होत असेल तर तो ट्रस्ट, म्हणजे ट्रस्ट डीड (न्यासाचा मूळ दस्त) असणार. 'एफ' असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्थाही आहे, मग घटना आणि नियमावली मागा. विश्वस्त किती, मुदत किती, नवा कोणी आणि कसा नेमायचा, कोरम किती, हे सगळं त्यात असतं. सरांना तुम्ही कितीही आवडत असलात तरी नेमणूक डीडप्रमाणेच व्हायला हवी.

मग धर्मादाय कार्यालयात जाऊन शेड्यूल वनच्या (न्यासाच्या सरकारी नोंदवहीच्या) उताऱ्याची नक्कल काढा. भिंतीवरच्या फलकाला कायद्याच्या लेखी किंमत नाही, उताऱ्यावर ज्यांची नावं तेच विश्वस्त. कोणी वारलं, राजीनामा दिला, नवीन आलं, तर ९० दिवसांत कलम २२ प्रमाणे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो वेळेत दिला नसेल तर विलंबमाफीचा अर्ज करून देता येतो, घाबरू नका. असे रिपोर्ट पाच-पाच, दहा-दहा वर्षं राहिलेले मी रोज बघतो. पण तुमचं नाव चढायच्या आधी मयतांची नावं उतरायला हवीत. सभेची नोटीस, हजेरी, ठराव, मृत्यूचे दाखले, तुमचं संमतीपत्र, सगळं खऱ्या तारखेचं लागतं. मागची तारीख घातली आणि उद्या कोणी हरकत घेतली, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तुम्हालाच येईल: त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

गाळ्यांचं मात्र आजच थांबवा. इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षं. विक्री, अदलाबदल, बक्षीस यांनाही परवानगी हवीच. न्यासासाठी कर्ज काढायचं तरी तेच. "नंतर घेऊ परवानगी" असं कोणी म्हणालं तर त्या सभेत तुमचा विरोध नावानिशी लिहून घ्या.

कीर्दखतावणी:

वरच्या सगळ्याला दुजोरा. मी हिशेबाच्या बाजूने लिहिते, सनदी लेखापाल आहे.

ताई, तुम्ही पोस्टातल्या, तुम्हाला कीर्द वाचायला शिकवायला नको. गेल्या तीन वर्षांची कीर्द, पावतीपुस्तकं आणि बँकेची पासबुकं शेजारी शेजारी ठेवून बसा. पावतीवरची देणगी बँकेत किती दिवसांनी जमा झाली ते बघा. हातात रोकड किती शिल्लक दाखवलीय आणि पेटीत प्रत्यक्ष किती आहे, तेही. ताळेबंद ३१ मार्चचा असतो आणि ऑडिट रिपोर्ट सहा महिन्यांत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. शेवटचा कुठल्या वर्षाचा गेला, त्याची पोच मागा. रिपोर्टात ऑडिटरने प्रतिकूल शेरे मारलेत का, तेही वाचा. बरेच विश्वस्त ते पान उलटतच नाहीत.

आयकराचं वेगळं. २०२१ मध्ये जुन्या न्यासांना १२ एबी (न्यासाच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) ची नोंदणी नव्याने घ्यावी लागली आणि ती पाच वर्षांची होती. यांनी ती घेतली होती का, पुढे नूतनीकरण केलं का, हे विचारा. नोंदणी गेली असेल तर देणगीवरही कर बसू शकतो. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८० जी ची सवलत नाही, त्यामुळे रोखीच्या मोठ्या पावत्या दिसल्या तर थांबून चौकशी करा.

तुमचा मूळ प्रश्न जबाबदारीचा. तुमच्या आधीच्या काळात तुमचा हात नसताना जे झालं, ते तुमच्या अंगावर येत नाही. पण आत आल्यावर गफलत दिसली आणि गप्प बसलात तर येतं. हिशेब सतत न देणं, कायदेशीर आदेश न पाळणं, न्यासाच्या पैशाचा अपहार, यासाठी कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढताही येतं. हलगर्जीपणाने न्यासाचं नुकसान झालं तर ते भरूनही घेता येतं. म्हणून रुजू होताना पहिल्याच सभेत मालमत्ता, ठेवी आणि देणी यांची यादी करून सगळ्यांच्या सह्या घ्या. कुठून पुढे तुमचा हिशेब सुरू झाला, ते कागदावर राहील.

एकटाप्रवासी:

माझं मत वेगळं आहे. मी एका न्यासावर चार वर्षं होतो. सभेत प्रश्न विचारले की लोकांना ते वैयक्तिक वाटायचं, शेवटी राजीनामा दिला. तो चेंज रिपोर्टवर चढायलाही दीड वर्ष गेलं. ताई, मुलींसाठीच करायचंय ना? मग दर शनिवारी जाऊन गणित शिकवा, आजारी मुलीला दवाखान्यात न्या, देणगी मिळवून द्या. याला विश्वस्तपद लागत नाही.

जुनीखुर्ची:

एकटाप्रवासी, तुमचा त्रास समजतो, पण गाळ्यांचा ठराव शनिवारच्या गणिताने थांबत नाही. तिथे मतच लागतं.

मी अकरा वर्षं एका मुलांच्या वसतिगृहाची विश्वस्त आहे. कागदांचं वर सगळ्यांनी सांगितलंच आहे. मी सांगते ते कुठल्या उताऱ्यावर नसतं. आधी न कळवता संध्याकाळी सातला जा आणि मुलींच्या पंगतीत बसून जेवा. आमटी वाढणारीचा डाव पातेल्याच्या तळाला जातो की वरवर फिरतो, ते बघा. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का? रात्री मुलीच्या पोटात दुखलं तर रेक्टर कोणाला फोन करते, गाडी कोणाची येते? पुरुष मंडळींपैकी कोण कधी आवारात येतं, त्याची वही आहे का? मुलींना तक्रार करायची झाली तर कोणाकडे करतील, हे मुलींनाच विचारा, रेक्टरसमोर नको. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना न देणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. "संस्थेची बदनामी नको" म्हणून घरातल्या घरात मिटवणारे विश्वस्त मी बघितलेत. ताई, तुम्ही तिथे असाल तर तसं होणार नाही, असं तुमचं लिहिणं वाचून वाटतं.

माहेरवाशीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस झाले, काय झालं ते सांगते.

परवा न कळवता गेले. पाटावर बसून जेवले: भाकरी, मुगाची आमटी, भात. डाव तळाला जात होता. खोलीत पत्र्याच्या ट्रंका अजून तशाच, झाकणावर ऑइलपेंटने मुलीचं नाव आणि गाव. दोन संडासांना कडी नाही, आतली मुलगी दार हाताने ओढून धरते. एका नववीतल्या मुलीला विचारलं, अडचण आली तर कोणाला सांगतेस? ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "घरी गेल्यावर आईला." घरी ती दोन महिन्यांतून एकदा जाते. तिथून निघाले तेव्हाच माझं ठरलं होतं.

उताऱ्याची नक्कल मिळाली. क्रमांक 'ई' चा आहे. त्यावर बाईंचं नाव अजून पहिलंच आहे! ते वाचताना हात थरथरला. ऑडिट वेळच्या वेळी गेलंय, शेरे किरकोळ आहेत, आयकराची नोंदणीही चालू आहे. चेंज रिपोर्ट मात्र बाई गेल्या तेव्हापासून एकही नाही.

मग सरांकडे गेले. त्यांना म्हटलं, "सर, मी येते, पण आजच्या तारखेने येते." आधी त्यांना वाईट वाटलं, मी त्यांच्यावर शंका घेते असं वाटलं असावं. मी उतारा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसून बाईंचं नाव वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः त्या दोन कोऱ्या पानांवर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि खाली सही केली. पुढच्या रविवारी रीतसर नोटीस काढून सभा आहे. गाळ्यांचा विषय परवानगीशिवाय घ्यायचा नाही असं त्यांनी मान्य केलंय, ते दुसरे विश्वस्त काय म्हणतात ते सभेत कळेल. कड्यांचं सभेपर्यंत थांबवलं नाही, सुतार उद्या येतोय.

आता एकच अडलंय. वारलेल्या विश्वस्तांपैकी एकांची मुलं पुण्याला गेलीत, पत्ता कोणाकडे नाही. त्यांचा मृत्यू गावातच झाला होता. दाखला ग्रामपंचायतीतून मी काढू शकते का, की वारसांनीच अर्ज करायला हवा? पंचगंगाकाठ, जमलं तर रविवारच्या आत सांगा.

पंचगंगाकाठ:

ताई, आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) मृत्यू नोंदवहीत नोंद आहे का ते बघायला सांगा. साधारण वर्ष आणि महिना सांगितलात तर शोधायला सोपं जाईल. नोंद सापडली की न्यासाच्या लेटरहेडवर, कशासाठी हवा ते लिहून, सरांच्या सहीने दाखल्याचा अर्ज द्या. सोबत शेड्यूल वनची नक्कल जोडा, म्हणजे त्यांचा न्यासाशी संबंध काय ते तिथेच दिसेल. आणि सभेची नोटीस हयात असलेल्या चौघांनाही पोचली याची पोच घ्यायला विसरू नका, गाळेवाल्यांची तर नक्की.