मदत हवी आहे: मनाने वस्तू हलवणाऱ्या नायिकेला उडता येईल का?

नमस्कार मंडळी,

एक कथा लिहायला घेतली आहे आणि सातव्या प्रकरणात गाडी अडलीय. नायिका हात न लावता वस्तू हलवते. आधी टेबलावरची किल्ली, मग चक्क कपाट. आता तिला गच्चीवरून निसटायचंय. लेकाला वाचून दाखवलं तर म्हणतो, "मग स्वतःलाच उचलू दे की! उडणं म्हणजे तेच ना?"

तेव्हापासून डोक्यात भुंगा. कपाट ५० किलोचं, तीही ५० किलोची, मग अडतंय कुठे? पण पक्षी पंखांनी हवा खाली ढकलतो, म्हणून हवा त्याला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. हिने कपाट वर उचललं तर तेवढाच दाब तिच्यावर खाली यायला हवा. वजनकाट्यावर उभी असेल तर काटा १०० दाखवेल. मग स्वतःला उचलणं म्हणजे बादलीत बसून तिचीच कडी ओढणं. बादली ढिम्म!

लघिमा सिद्धीचाही, म्हणजे शरीर हवं तेवढं हलकं करण्याच्या योगशक्तीचाही, विचार केला. ५० किलोच्या माणसाचं आकारमान साधारण ५० लिटर, तेवढी हवा भरते जेमतेम ६० ग्रॅम. वजन त्याच्याही खाली नेलं तर ती फुग्यासारखी तरंगेल खरी, पण वारा नेईल तिकडे. नायिकेचा पतंग नकोय मला.

काय करू?

प्रतिसाद १
स्वतःला उचलायला लावूच नका. तिला जमीन खाली ढकलू द्या. पृथ्वी काही हलत नाही, उलटा धक्का तिला वर धरेल. जोर थोडा कमी केला की अलगद खाली. फक्त धक्का बेंबीच्या आसपास, म्हणजे गुरुत्वमध्यातून लागू दे, नाहीतर कोलांटी!

प्रतिसाद २
मग ज्ञानेश्वरांनी बसल्या बसल्या भिंत चालवली ते उडणं की वस्तू हलवणं? 😄

प्रतिसाद १
तिथे काटा लावू नका हो. धागाकर्तीताई, एक मात्र करा: हा उलटा धक्का आधीच कुठेतरी पेरून ठेवा. किल्ली उचलताना तिला तो जाणवणार नाही, कपाट उचलताना जाणवेल.

धागाकर्ती
जमलं! कपाट उचललं जातं तेव्हा तिच्या पायाखालची फळी करकरते, असं आत्ताच घातलंय. लेक म्हणतो, फळी मोडायलाच हवी होती.