‘निधी मंजूर’ म्हणजे नेमकं काय झालं? : नियतव्यय, तरतूद, मान्यता, वितरण

गावकूस

आमचं गाव तालुक्याच्या मोठ्या रस्त्याला जोडणारा साडेतीन किलोमीटरचा रस्ता आहे. पावसाळ्याआधी चौकात फलक लागला : ‘लेखाशीर्ष ५०५४ अंतर्गत रस्ता सुधारणेसाठी ४० लक्ष निधी मंजूर’. पावसाळा गेला, रब्बीही निघाली, रस्त्यावर खडीचा दगड पडलेला नाही. माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तरात नियतव्यय, तरतूद, प्रशासकीय मान्यता आणि वितरण असे चार शब्द आले आणि चारही ठिकाणी वेगळा आकडा. माझ्याजवळच्या शब्दकोशात ‘नियतव्यय’ नाही. हे चारही शब्द ‘मंजूर पैसे’ याच अर्थाचे आहेत का? मग आकडे वेगळे का?

रोजनामा

अर्थ एक नाही. एकाच पैशाचे हे चार मुक्काम आहेत. जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत माझी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियतव्यय म्हणजे नियत केलेला, ठरवून दिलेला व्यय. वर्ष सुरू होण्याआधी राज्याचा नियोजन विभाग प्रत्येक जिल्ह्याला एक कमाल मर्यादा कळवतो. त्या मर्यादेत जिल्हा नियोजन समिती जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा करते : रस्त्यांना इतके, शाळाखोल्यांना इतके, पाटबंधाऱ्यांना इतके. या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने ही समिती आली, आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या पंचायत व नगरपालिका सदस्यांमधून यावेत, असं घटनाच सांगते. तर नियतव्यय ही खर्चाची आखलेली हद्द आहे. त्या टप्प्यावर तिजोरीतून एक रुपयाही हललेला नसतो.

तरतूद त्यापुढची. विधिमंडळाने अर्थसंकल्प मंजूर केला, की त्या लेखाशीर्षाखाली (हिशेबाच्या खात्याखाली) रक्कम दिसू लागते, ती तरतूद.

प्रशासकीय मान्यता रकमेला मिळत नाही, कामाला मिळते. ‘हा रस्ता करायचा आणि त्यावर जास्तीत जास्त इतका खर्च करायचा’ असा सक्षम अधिकाऱ्याचा तो निर्णय असतो. कार्यालयात तिला ‘प्रमा’ म्हणतात : ‘प्रमा निघाली का?’ अभियंता अंदाजपत्रक तपासून देतो ती तांत्रिक मान्यता वेगळी. तिच्यानंतर निविदा, आणि निविदेनंतर कार्यारंभ आदेश.

वितरण म्हणजे पैसे खर्च करायला प्रत्यक्ष मोकळे झाले. आता हे ऑनलाइन बीडीएसवर (निधी वितरणाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) होतं, म्हणून आमच्याकडे प्रश्न एकच असे : ‘बीडीएस आली का?’ ती आली नसेल, तर बाकीच्या तीन आकड्यांवर ठेकेदाराचं बिल निघत नाही.

फलकावरचा ‘मंजूर’ यांतला कुठलाही मुक्काम असू शकतो. बहुतेक वेळा तो प्रमा असतो, आणि कधी कधी तर नुसतं शिफारसपत्र.

माळरान

रोजनामांच्या उत्तराला भाषेच्या बाजूने थोडी जोड देतो.

‘मंजूर’ मूळचा अरबी, ‘नजर’च्याच घरातला. नजरेखालून गेलेलं आणि पसंत पडलेलं, इतकाच त्याचा मूळ भाव. ‘रजा मंजूर’, ‘अर्ज मंजूर’ म्हणतो तेव्हा मंजुरीबरोबरच काम संपतं, पुढे काही व्हायचं राहत नाही. ही सवय घेऊन आपण ‘निधी मंजूर’ वाचतो आणि तिथेच फसतो. निधीच्या बाबतीत मंजुरीपासून काम सुरू होतं.

‘तरतूद’चंही तसंच. घरात ‘मुलीच्या शिक्षणाची तरतूद केली’ म्हटलं, की पैसे बाजूला काढून ठेवलेले असतात. अर्थसंकल्पातली तरतूद म्हणजे इतकं खर्च करायची परवानगी. वर्षाच्या मध्यात महसूल कमी पडला, तर तरतूद कागदावर पूर्ण असूनही वितरण तिच्या काही टक्क्यांवर थांबतं. घरातला अर्थ धरून बातमी वाचणाऱ्याला वाटतं पैसे कुणी खाल्ले. खाल्लेही असतील, पण आधी ते आले होते का, हे पाहिलं पाहिजे.

‘यंत्रणा’ हाही शब्द इथे लक्षात ठेवा. ‘कार्यान्वयन यंत्रणा : जिल्हा परिषद बांधकाम विभाग’ असं लिहिलेलं असतं तेव्हा काम करून घेणारं कार्यालय अभिप्रेत असतं. तक्रार कुणाकडे न्यायची, ते त्या ओळीवरून कळतं.

कासरा

मग ‘निधी समर्पित केला’ याचा अर्थ काय? दर मार्चअखेरीस पेपरात येतं. मी इतकी वर्षं ‘एखाद्या कामासाठी राखून ठेवला’ असा घेत आलो.

माळरान

नेमका उलटा. समर्पित म्हणजे खर्च झाला नाही म्हणून शासनाला परत केला. ‘व्यपगत’ म्हणजे मुदत संपल्याने हातून गेला. आणि एका योजनेतला न लागणारा पैसा मार्चच्या तोंडावर दुसरीकडे वळवला, तर ते ‘पुनर्विनियोजन’. बातमीदारांनी ‘परत गेला’ आणि ‘वळवला’ लिहावं, असं मला मनापासून वाटतं. ‘समर्पित’ वाचून कुणाला राग येत नाही, आणि तो यायला हवा.

गावकूस

आणि हा ५०५४ काय आहे? शेजारच्या गावात ‘३०५४’चा फलक आहे, आमच्या समाजमंदिरापुढच्या काँक्रीटवर ‘२५१५’ लिहिलंय. लोक ‘पंचवीस पंधराचं काम’ असंच म्हणतात. हे योजनांचे नंबर का?

रोजनामा

योजनेचे नव्हेत, हिशेबाच्या खात्याचे. लेखाशीर्ष म्हणजे सरकारी हिशेबातलं खातं. बोलण्यात आम्ही ‘हेड’ म्हणतो : ‘कुठल्या हेडचं काम आहे?’ हे चार आकडी नंबर केंद्राला आणि सगळ्या राज्यांना सारखेच आहेत. २००० ते ३९९९ महसुली खर्च, ४००० ते ५९९९ भांडवली खर्च, ६००० ते ७९९९ कर्जं. म्हणून रस्ते व पूल महसुलीत ३०५४, त्यात २००० मिळवले की भांडवलीत ५०५४, आणखी २००० मिळवले की कर्जात ७०५४. हे एकदा कळलं की फलक वाचायला सोपे जातात.

आपल्याकडे जिल्हा योजनेत ग्रामीण रस्ते साधारणपणे ३०५४ मधून आणि इतर जिल्हा मार्ग ५०५४ मधून घेतात. २५१५ म्हणजे ‘इतर ग्रामविकास कार्यक्रम’. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामं त्यातून होतात. हा पैसा जिल्हा नियोजनातला नाही, ग्रामविकास विभागाकडून थेट येतो. त्यामुळे ‘पंचवीस पंधरा’साठी नियोजन समितीत विचारणा करून उपयोग नाही.

पाणंद

गावकूस, हेडच्या आधी रस्त्याचा नंबर पाहा. अर्ध्या गावांचं घोडं तिथे अडतं.

ग्रामीण मार्ग म्हणजे ‘ग्रामा’, इतर जिल्हा मार्ग ‘इजिमा’, प्रमुख जिल्हा मार्ग ‘प्रजिमा’, राज्यमार्ग ‘रामा’. पहिले दोन जिल्हा परिषदेचे, पुढचे सार्वजनिक बांधकाम विभागाचे. राज्याच्या रस्ते विकास योजनेत (२००१-२०२१ ची यादी अजून कागदोपत्री सारखी भेटते) ज्या रस्त्याला नंबर नाही, तो ‘योजनाबाह्य’. गावातली सगळी माणसं त्याच्यावरून रोज जात असली, तरी ३०५४-५०५४ च्या दृष्टीने तो रस्ताच नाही. आधी ठराव घेऊन त्याला नंबर मिळवावा लागतो, आणि वरच्या वर्गात न्यायचा असेल तर ‘दर्जोन्नती’ करावी लागते. ‘दर्जोन्नती’ ऐकून लोकांना वाटतं रस्ता चांगला होणार. तो फक्त यादीत एक पायरी वर चढतो. त्यासोबत मालकी आणि पैशाची वाट मात्र बदलते : इजिमाचा प्रजिमा झाला, की जिल्हा परिषदेचा हात सुटला.

शेतरस्त्यांची गोष्ट अजून निराळी. २०२१ मध्ये आलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत स्वतंत्र पैशाची पोतडी नव्हती, ‘अभिसरण’ होतं. म्हणजे रोजगार हमीचा पैसा आणि दुसऱ्या हेडचा पैसा एकाच कामावर आणायचा. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० ठेवायचं होतं, कागदावर ‘अकुशल’ आणि ‘कुशल’ खर्च. खडी-मुरूम हा सगळा ‘कुशल’ भाग, म्हणून रस्त्याचं काम घेतलं की गावाला आधी मजुरीची कामं दाखवावी लागत. आमच्याकडे यामुळे वर्ष गेलं. कुणी पैसे अडवले नव्हते, प्रमाण जुळत नव्हतं. ‘अभिसरण’ या शब्दात ही सगळी खटपट दडलेली आहे.

कासरा

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून घ्या ना मग! तिथे एवढी भानगड नसावी.

रोजनामा

तिथली भाषा वेगळी, भानगड तेवढीच. २००० साली योजना आली तेव्हा पैसा केंद्राचा होता, आणि सपाट प्रदेशात ५००, तर डोंगरी व आदिवासी भागात २५० लोकवस्ती असलेली, बारमाही रस्त्याने न जोडलेली वस्ती ही अट. २०१५-१६ पासून बहुतेक राज्यांसाठी केंद्र आणि राज्य ६०:४०. म्हणून तिथे ‘केंद्र हिस्सा’ आणि ‘राज्य हिस्सा’ हे शब्द येतात. एक चांगली गोष्ट त्या करारात आहे : पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच. जिल्हा योजनेतल्या रस्त्यासाठी ‘दोषदायित्व कालावधी’ (ज्या काळात कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचे) किती, हे कार्यारंभ आदेशात शोधावं लागतं.

ग्रामपंचायतीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाबद्दलही विचारलं जातं म्हणून लिहून ठेवतो. त्यात ‘बंधित’ म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला, आणि ‘अबंधित’ म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे लावता येणारा. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ६० टक्के बंधित. रस्त्यासाठी बघायचा तो अबंधित, आणि त्यात साडेतीन किलोमीटर होत नाहीत. गल्लीतलं काँक्रीट होतं.

गावकूस

माझ्या उत्तरातले आकडे असे : प्रशासकीय मान्यता ४० लक्ष, वितरण १२ लक्ष. नियतव्यय आणि तरतुदीचे आकडे कोटींत आहेत. शेवटी एक ओळ : ‘सदर काम पुढील वर्षाच्या दायित्वात समाविष्ट.’ दायित्व म्हणजे जबाबदारीच ना? कुणाची?

रोजनामा

कोटींतले आकडे सगळ्या जिल्ह्याच्या ५०५४ चे आहेत, तुमच्या रस्त्याचे नव्हेत. तुमचे दोनच : ४० आणि १२.

दायित्व म्हणजे मान्यता दिलेल्या कामांचं देणं राहिलेलं. बोलण्यात ‘स्पिल’. जिल्हा परिषदेत नव्या वर्षाच्या नियतव्ययातून आधी दायित्व वजा करतात, आणि उरेल त्याच्या दीडपट कामांना मान्यता देतात. हेतू असा, की काही कामं रखडली तरी पैसा पडून राहू नये. पण त्यामुळे मान्यता पैशापेक्षा नेहमीच जास्त असतात, आणि प्रत्येक कामाला पहिल्या वर्षी थोडाथोडा घास मिळतो. तुमचे १२ लक्ष हा तो घास.

तुमच्या बाजूची गोष्ट अशी, की दायित्वातल्या कामाचा हक्क नव्या कामाआधी लागतो. जिल्हा परिषदेला जिल्हा वार्षिक योजनेतला पैसा खर्चायला पुढच्या आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंत मुदत असते, त्यामुळे ते १२ लक्ष अजून व्यपगत झालेले नसावेत. अर्जात ‘निधी मंजूर आहे का’ असं विचारू नका, ‘होय’ असं उत्तर येईल आणि ते खरंही असेल. विचारा : रस्त्याचा ग्रामा किंवा इजिमा क्रमांक, तांत्रिक मान्यतेची तारीख, निविदा झाली का, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व दिनांक, आणि १२ लक्ष कोणत्या तारखेच्या बीडीएसने आले. कार्यारंभ आदेश निघालेला असेल, तर काम पूर्ण करायची मुदत त्यातच लिहिलेली असते.

गावकूस

कार्यारंभ आदेशाचा उल्लेख उत्तरात कुठेच नाही. निविदेचाही नाही.

रोजनामा

मग काम तांत्रिक मान्यतेपाशी किंवा निविदेपाशी अडलंय, पैशापाशी नाही. पंचायत समितीच्या आवारात जिल्हा परिषदेच्या बांधकामाचा उपविभाग असतो. तिथल्या उपअभियंत्याकडे अंदाजपत्रक सादर झालंय का, ते आधी बघा.