पीएचडी आराखडा: दिव्यांग सहभागींचा मिश्र नमुना, व्यायामाची तीव्रता आणि मोजमाप याबद्दल सल्ला हवा

आराखडा_पहिला:
विषय अडॅप्टेड फिजिकल ॲक्टिव्हिटी, म्हणजे दिव्यांगांना जुळवून घेतलेला व्यायाम. सध्या कागदावर आहे ते असं: १८ ते ४५ वयाचे ६० सहभागी, त्यांत मज्जारज्जूच्या इजेमुळे व्हीलचेअर वापरणारे, सेरेब्रल पाल्सी असलेले आणि डाउन सिंड्रोम असलेले. ३०-३० चे दोन गट. एका गटाला १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा केंद्रावर व्यायाम. दुसऱ्याला काही नाही. तीव्रता '२२० वजा वय' याच्या ६० ते ७५ टक्के. रोजची हालचाल कमरेला लावलेल्या ॲक्सेलरोमीटरने (हालचाल नोंदवणारा सेन्सर). शेवटी दोन गटांच्या सरासरीवर टी-टेस्ट. गाइड म्हणतात नमुना फार मिसळलेला आहे. पण एकच प्रकार घेतला तर ६० जण मिळणं कठीण. काय सोडावं?

टी_सहा:
गाइडचं बरोबर आहे. 'दिव्यांग' हा कायद्याचा आणि हक्कांचा गट आहे, शरीरक्रियेचा नाही. तुमच्या तीव्रतेच्या सूत्रावरूनच ते कळतं.

हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसा मज्जारज्जूच्या टी१ ते टी४ या भागातून (छातीच्या पातळीचे वरचे खंड) निघतात. मानेत पूर्ण इजा असेल तर मेंदूकडून येणारा तो मार्गच तुटतो आणि कमाल ठोके साधारण ११० ते १३० वर अडतात. आता ३० वर्षांच्या माणसाला तुमचं सूत्र लावा: १९० चे ६० टक्के म्हणजे ११४. ज्याला तुम्ही 'मध्यम' म्हणताय ती त्याची जवळपास कमाल मर्यादा. ७५ टक्के, म्हणजे १४३, तो कधी गाठणारच नाही, आणि नोंदवहीत 'सहकार्य कमी' असा शेरा पडेल. डाउन सिंड्रोममध्येही कमाल ठोके कमी असतात, पण कारण वेगळं. त्यांच्यासाठीचं प्रचलित समीकरण २१० वजा ०.५६ गुणिले वय वजा ३१ असं आहे. २५ व्या वर्षी १६५ येतात, तुमच्या सूत्राने १९५. सेरेब्रल पाल्सीत तिसराच प्रश्न: स्नायूंच्या ताठरपणामुळे त्याच कामाला जास्त ऊर्जा लागते, आणि जीएमएफसीएसच्या (हालचालीच्या क्षमतेची पाच पातळ्यांची वर्गवारी) पहिल्या व चौथ्या पातळीची माणसं एकाच चाचणीत बसत नाहीत.

एकच गट ठेवा: मज्जारज्जूची इजा, हाताने व्हीलचेअर चालवणारे, इजेला किमान एक वर्ष झालेले. इजा टी६ (छातीचा सहावा खंड) च्या वर की खाली, हे यादृच्छिक वाटणीच्या आधीच स्तर म्हणून धरा. तीव्रता बोर्गच्या ६ ते २० च्या मापावर (श्रम किती वाटतात ते सहभागीच सांगतो) १२ ते १४, किंवा आर्म एर्गोमीटरच्या (हाताने फिरवायचं व्यायामयंत्र) कमाल चाचणीतल्या वॅटच्या टक्क्यांवर.

मिश्र नमुना सर्वस्वी चूक नाही, एवढं मात्र म्हणेन. प्रश्न 'व्यायामाला येण्यात अडथळे कोणते' असा असता तर वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न (पाहणं, चालणं वगैरेतली अडचण विचारणारे) वापरून तिन्ही गट एकत्र घेता आले असते. फिटनेस मोजायचा असेल तर नाही.

आकडेमोड:
संख्येबद्दल. मध्यम परिणाम (डी = ०.५), ८० टक्के पॉवर (खरा परिणाम सापडण्याची शक्यता), ५ टक्के पातळी, साधी टी-टेस्ट: प्रत्येक गटात ६४. तुमच्या ३० मध्ये फक्त ०.७ च्या पुढचा परिणाम सापडेल. पण टी-टेस्ट सोडून एन्कोव्हा करा, म्हणजे सुरुवातीचं मोजमाप सहचल म्हणून घेऊन त्याचा फरक वजा करून गटांची तुलना. सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोजमापात सहसंबंध ०.८ असेल तर ६४ गुणिले (१ वजा ०.६४), म्हणजे २३ पुरतात. २० टक्के गळती धरून २९. म्हणजे तुमचेच ३० चालतात. हा ०.८ मात्र पायलटमधून किंवा प्रकाशित आकड्यांतून दाखवा. परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतो.

दुसरं, चाचणीची स्वतःची चूक आधी काढा. समजा सहा मिनिटांच्या व्हीलचेअर चाचणीत प्रमाण विचलन ४० मीटर आणि आयसीसी (पुन्हा मोजल्यावर आकडे किती जुळतात ते) ०.९०. मग एसईएम (मोजमापातली प्रमाण चूक) ४० गुणिले √०.१०, म्हणजे १२.६ मीटर, किमान खरा बदल १२.६ गुणिले २.७७, म्हणजे सुमारे ३५ मीटर. एखाद्याचं अंतर २० मीटरने वाढलं तर 'सुधारणा' लिहू नका. पहिली चाचणी सरावाची समजून बाजूला ठेवा, नाहीतर शिकण्याचा परिणाम व्यायामाच्या खात्यात जमा होतो.

गटात तीसही नाही मिळाले तर एकल-सहभागी रचना घ्या, जिथे प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच होते: सहा ते आठ जण, बेसलाइन (व्यायामाआधीची मोजमापं) पाच, आठ आणि अकरा आठवडे अशी टप्प्याटप्प्याने, कोणाला कोणती ते चिठ्ठीने. प्रत्येक टप्प्यात किमान पाच मोजमापं. अट एवढीच की माप दर आठवड्याला घेता यायला हवं. कमाल ऑक्सिजन चाचणी तशी घेता येत नाही. ही रचना 'छोटी' म्हणून हिणवणारे भेटतील. आरसीटीत (यादृच्छिक गटांच्या चाचणीत) सरासरीखाली दडणारा वैयक्तिक फरक इथे उघड दिसतो, हे त्यांना सांगा.

चाक_आणि_मनगट:
कमरेचा ॲक्सेलरोमीटर काढून टाका. खुर्चीत कंबर स्थिर असते, त्यामुळे तासभर जोरात खुर्ची चालवली तरी नोंद 'बैठी' येते. एक सेन्सर मनगटावर, एक चाकाच्या आरीवर. दोन्ही का? चाक फिरलं आणि मनगट हललं नाही तर मागून कोणीतरी ढकलत होतं. मनगट हललं आणि चाक थांबलेलं असेल तर घरकाम किंवा हातवारे. हलकी, मध्यम, जोरदार हालचाल ठरवणारे मर्यादा-आकडे व्हीलचेअर वापरणाऱ्यांवर तपासलेलेच घ्या. चालणाऱ्या लोकांचे लावले की निष्कर्ष निरर्थक. पॉवर-असिस्ट (मोटारची मदत असलेली) चाकं असतील तर त्यांना वेगळं नोंदवा.

आठवड्यातून तीनदा हाही हट्ट सोडा. गळती बहुतेक वेळा प्रवासामुळे होते. मज्जारज्जू इजेसाठीच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत फिटनेससाठी किमान मात्रा आठवड्यातून दोनदा २० मिनिटं एरोबिक, आणि दोनदा मुख्य स्नायूंचे तीन-तीन सेट एवढीच आहे. दोन फेऱ्यांत बसते. चयापचयासाठी ३० मिनिटं तीनदा, पण तो वेगळा प्रश्न झाला. दुसऱ्या गटाला 'काही नाही' ऐवजी १२ आठवड्यांनी तोच कार्यक्रम द्या. लघवीचा संसर्ग किंवा बेडसोअर झाल्यास किती दिवसांची सुट्टी आणि कार्यक्रम किती लांबवायचा, हे आधीच लिहा.

आराखडा_पहिला:
खूप उपयोग झाला. मज्जारज्जू गट आणि एन्कोव्हा ठरलं. नैतिक समितीने 'सुरक्षेची पद्धत अपुरी' असं लिहिलंय. टी६ च्या वरच्यांसाठी नेमकं काय लिहावं?

टी_सहा:
ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया (टी६ च्या वरच्या इजेत बीपी अचानक धोकादायक चढणं) नावानिशी लिहा. चाचणीआधी मूत्राशय रिकामं, कॅथेटरची नळी वळलेली नाही, पट्टे आवळलेले नाहीत. सलग तीन दिवस बसलेल्या स्थितीत बीपी घेऊन प्रत्येकाची स्वतःची पातळी ठरवा. या लोकांचं वरचं बीपी अनेकदा ९० ते ११० असतं, म्हणून १३५ दिसलं की तंत्रज्ञ 'नॉर्मल' समजून पुढे जातो. चूक इथेच होते. स्वतःच्या पातळीपेक्षा २० ने वाढ, सोबत डोकेदुखी, चेहरा लाल होणं किंवा इजेच्या वर घाम: चाचणी थांबवा, सरळ बसवा, कपडे-पट्टे सैल करा, मूत्राशय तपासा, दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी घ्या. उतरलं नाही तर डॉक्टर. आडवं करू नका, बीपी आणखी चढतं. घाम कमी येत असल्याने खोली थंड ठेवा, पाण्याचा फवारा जवळ असू द्या.

एर्गोमीटरचा अक्ष खांद्याच्या उंचीवर, हात पुढे असताना कोपर किंचित वाकलेलं. मानेच्या इजेत मिनिटाला ५ वॅट, खालच्या इजेत १० वॅट वाढ. चाचणी ८ ते १२ मिनिटांत संपायला हवी. पकड नसेल तर हात एर्गोमीटरच्या हँडलला बँडेजने बांधा, आणि नंतर त्वचा डोळ्यांनी तपासा, कारण संवेदना नसेल तिथे घासल्याचं सहभागी सांगणार नाही. खांदेदुखीसाठी दर चार आठवड्यांनी डब्ल्यूयूएसपीआय (व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या खांदेदुखीची प्रश्नावली) भरून घ्या, ० ते १५० गुण. खुर्ची ढकलण्यात पुढचे स्नायू आधीच राबतात, म्हणून ताकदीच्या व्यायामात ओढण्याचे सेट ढकलण्यापेक्षा जास्त ठेवा.