फळांची स्मूदी गोडाच्या पदार्थासारखी लागायला नक्की काय करायचं?

रातराणी:
मला रोज रात्री जेवण झालं की काहीतरी गोड लागतंच, आणि ते बहुतेक वेळा आईस्क्रीम असतं. आता ते कमी करायचंय, म्हणून ठरवलं की साखर न घालता फळांची स्मूदी करायची, पण ती आईस्क्रीमची जागा घेईल अशी हवी, नाहीतर मी चार दिवसात परत मूळ पदावर येणार हे मला माहितीये. गेल्या आठवड्यात ताजा अननस, दोन केळी, ग्लासभर दूध, भरपूर बर्फ आणि दोन चमचे मध असं सगळं मिक्सरला लावलं. पहिले दोन घोट बरे लागले, मग बर्फ विरघळला आणि सगळं पांचट. त्यातलं अर्धं लेकीसाठी फ्रीजमध्ये ठेवलं होतं, ती तासाभराने आली, एक घोट घेतला आणि काही न बोलता ग्लास ओट्यावर ठेवून दिला. मी चाखून बघितलं तर चक्क कडू! दूध त्याच दिवशीचं, अननस छान पिकलेला, मग कडू कशाने झालं? खूप वाईट वाटलं, सगळं ओतून द्यावं लागलं. प्लीज कोणी सांगा माझं काय चुकतंय, आणि तुमच्याकडे अशी एखादी स्मूदी आहे का जी खाताना खरंच गोड पदार्थ खाल्ल्यासारखं वाटेल?

पहाटवारा:
रातराणी, तुमचं दूध पण चांगलं होतं आणि अननस पण, फक्त दोघांना एकत्र ठेवायला नको होतं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करतं आणि त्यातले काही तुकडे कडू असतात. लगेच प्यायलं तर जाणवत नाही, पण जसजसा वेळ जातो तसतसा कडवटपणा वाढत जातो, म्हणून तुम्हाला बरं लागलं आणि तासाभराने लेकीला कडू लागलं. किवी आणि पपईत पण अशीच एन्झाइम असतात. अननस फ्रीझ केला तरी ती मरत नाहीत, उष्णता दिली की मरतात, त्यामुळे अननस आधी चांगला शिजवून गार करून घ्या किंवा डब्यातला वापरा, तो आधीच तापवलेला असतो. नाहीतर अननसाला दूध-दह्याऐवजी नारळाच्या दुधाची जोड द्या आणि केल्या केल्या संपवा.

दुसरं म्हणजे बर्फ अजिबात बंद करा. बर्फ म्हणजे शेवटी पाणीच, तो विरघळला की चव पातळ होणारच. गारवा फळातूनच आला पाहिजे. केळी पूर्ण पिकू द्या, सालीवर तपकिरी ठिपके येईपर्यंत, कारण पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होत जाते आणि हिरवट केळं मिक्सरमधून काढलं तरी तुरट आणि पिठूळच लागतं. मग सोलून चकत्या करायच्या, ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरून फ्रीझरमध्ये ठेवायच्या, कडक झाल्या की डब्यात भरायच्या. सालीसकट फ्रीझ करू नका, नंतर ती साल सोलताना बोटं बधीर होतात आणि निम्मं केळं सालीलाच राहतं.

मिक्सरमध्ये आधी दूध, मग मऊ गोष्टी, सगळ्यात वर गोठलेली फळं. उलटं केलं तर पातं नुसतं हवेत फिरतं आणि वरचे तुकडे जागचे हलत नाहीत. आणि फार वेळ सलग फिरवू नका, घर्षणाने गरम होऊन सगळं पातळ होतं, थांबून थांबून फिरवा.

आंबटगोड:
पहाटवारांनी सांगितलं ते सगळं बरोबर, त्यात माझी थोडी भर कारण मी यावर बरेच महिने घालवलेत. आपल्याला आईस्क्रीम आवडतं ते नुसत्या साखरेमुळे नाही, ते दाट असतं, स्निग्ध असतं, जिभेवर रेंगाळतं आणि त्याला वास असतो. ह्या गोष्टी जमल्या तर साखरेची उणीव फारशी जाणवत नाही. फळ, दूध आणि बर्फ ह्यात फक्त गारवा आहे, म्हणून ते सरबतासारखं लागतं.

एक गोष्ट लक्षात घ्या, पदार्थ जितका गार तितकी जिभेला गोडी कमी कळते. विरघळलेलं आईस्क्रीम किती जास्त गोड लागतं बघा. त्यामुळे स्मूदी केल्या केल्या चाखून 'गोड कमी आहे' म्हणून मध ओतू नका, पाच मिनिटं थांबा, थोडी सैल होऊ दे, मग परत चाखा. माझा मध असाच सुटला.

माझी नेहमीची एका माणसाची: दीड गोठलेलं केळं, एक मोठा चमचा बिनसाखरेची कोको पावडर, एक मोठा चमचा पीनट बटर (शेंगदाण्याशिवाय दुसरं काही नसलेलं), एक भिजवलेला खजूर, साधारण १५० मिली सायीसकट दूध, व्हॅनिलाचे दोन-तीन थेंब आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका प्लीज, मीठ कोकोचा कडवटपणा मागे ढकलतं आणि आहे तीच गोडी पुढे येते. व्हॅनिला स्वतः गोड नसतं पण त्याच्या वासाने आपल्याला गोड लागतं, दालचिनीचं पण तसंच. खजूर गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि आधी त्याच दुधात एकटाच वाटून घ्या, नाहीतर सालीचे तुकडे प्रत्येक घासाला दाताखाली येतात. नीट जमलं की चमचा उभा राहतो आणि भांड्याच्या कडेला चिकटलेलं खरवडून खावंसं वाटतं.

चमचाभर:
सगळ्यांचे सल्ले छान आहेत पण रातराणीच्या प्रश्नात 'साखर न घालता' असं आलंय आणि तरी मध आहे म्हणून बोलते, कारण माझ्या बाबांना शुगर आहे आणि त्यांच्यामुळे मी घरात सगळं काट्यावर मोजायला लागले. मध साखर नाही असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात मध, सिरप आणि फळांचे रस हे सगळं वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजलंय, आणि ही साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, असं म्हटलंय. २००० कॅलरीच्या आहारात ते साधारण ५० आणि २५ ग्रॅम होतं. लहान दोन चमचे मधातच ११-१२ ग्रॅम जातात. आणि आंबटगोड, खजूर फळ आहे हे मान्य, पण मेजूल जातीच्या एका मोठ्या खजुरातच १६ ग्रॅमच्या आसपास साखर असते, मध्यम केळ्यात १४, त्यामुळे एक खजूर ठीक, चार घालून वर 'साखर नाही' म्हणणं मला पटत नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला सांगू का, ग्लास सोडून वाटी घेतली. प्यायलेलं दोन मिनिटात संपतं आणि पोटाला काही खाल्लंय असं वाटतच नाही, तेच घट्ट करून चमच्याने खाल्लं की दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि समाधान होतं. बाबांना मी अर्धीच वाटी देते, त्यात केळं निम्मं आणि बाकी पाणी निथळलेलं घट्ट दही, आणि ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं. घरात कोणाला शुगर असेल तर तेवढं नक्की करा.

निवांत२:
सगळे केळ्यावरच अडकलेत म्हणून एक वेगळी माहिती. केळ्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, कापलेलं केळं काळं पडतं ते त्याच्यामुळेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की केळं घातलेली स्मूदी प्यायल्यावर शरीरातली फ्लॅव्हॅनॉल्सची (बेरी, कोको यांत असणारी, तब्येतीला चांगली मानली जाणारी द्रव्यं) पातळी, तीच फ्लॅव्हॅनॉल्स कॅप्सूलमधून घेतल्यावर होते त्यापेक्षा ८४ टक्के कमी होती, आणि बेरीच्या स्मूदीने तसा फरक पडला नाही. अभ्यासात माणसं थोडीच होती हे पण सांगतो. पण बेरी जर मुद्दाम त्यासाठीच खात असाल तर तिथे केळ्याऐवजी आंबा घ्या, त्यात हे एन्झाइम कमी असतं.

माझी करायची पद्धत: वाटीभर गोठलेल्या स्ट्रॉबेरी, पाऊण वाटी गोठलेल्या आंब्याच्या फोडी, तीन-चार मोठे चमचे निथळलेलं दही, व्हॅनिला, आणि लिंबाची साल किसून अगदी थोडी, फक्त पिवळा भाग, पांढरा आला की कडू होतं. मिक्सर फिरेल एवढंच दूध. चीजकेकच्या आतल्या भागासारखी लागते, शपथ.

आंबटगोड:
निवांत, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. म्हणजे माझ्या कोकोतली फ्लॅव्हॅनॉल्स पण गेलीच म्हणायची. तरी मी ती सोडणार नाहीये कारण मी ती रात्रीच्या आईस्क्रीमऐवजी खाते, आणि केळ्याचा चोथा, पोटॅशियम, दुधाचं प्रोटीन हे सगळं तर मिळतंच. चमचाभर, वाटीचा मुद्दा शंभर टक्के पटला, खजुराचा पण. उद्या खजूर अर्धा करून बघते.

रातराणी:
सगळ्यांचे मनापासून आभार, त्या कडूपणाचं कोडं सुटलं हेच मला फार मोठं वाटतंय, मी उगाच दूधवाल्याला दोष देत होते. काल रात्री कोकोची केली. पहिल्यांदा मिक्सर अडकला, नुसता घरघर आवाज आणि वरचं केळं तसंच, मग बंद करून चमच्याने खाली ढकललं, दोन चमचे दूध वाढवलं आणि थांबून थांबून फिरवलं तेव्हा एकदम मधोमध भोवरा पडला आणि सगळं मऊसूत झालं. मीठ घालायच्या आधी आणि नंतर मुद्दाम चाखून बघितलं, खरंच इतका फरक! खजूर अर्धाच घातला, वर चिमूटभर दालचिनी. वाटीत काढून दिलं, लेकीने चमचा चाटून विचारलं की ह्यात चॉकलेट किती घातलंस.

एकच शंका राहिली, केळी एकदम डझनभर फ्रीझ केली तर किती दिवस चालतात?

पहाटवारा:
हवाबंद डब्यात दोन-तीन महिने आरामात. थोडी काळपट दिसतील, चवीला काही होत नाही. फक्त डब्यावर तारीख लिहा आणि एका वेळेपुरत्या वेगवेगळ्या पिशव्या करा, नाहीतर सगळा एकच गोळा होतो आणि सुरीने फोडत बसावं लागतं.