भिंती गवंड्यांनाच बांधू द्या

'हौशी लोक दिवसा वाकड्या भिंती बांधतात आणि गवंडी रात्री त्या पाडून पुन्हा उभ्या करतात' असं परदेशात स्वयंसेवक म्हणून बांधकामाला जाणाऱ्यांबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते थोडं तिखट असलं तरी खोटं नाही. ओळंबा धरता येत नसेल तर थापीला हात लावू नये. पण म्हणून साइटवर अशा पाहुण्यांना कामच नसतं असं नाही. केनियात किसुमूच्या बाजूला मी होतो तिथे मुरूम आणि ५ ते १० टक्के सिमेंट कालवून हातदाब्याच्या मशीनवर एकमेकींत अडकणाऱ्या खाचेच्या विटा पाडत. माती चाळायची, साचा भरायचा, दोघांनी दांड्याला लोंबकळून दाब द्यायचा, ओली वीट कड न मोडता उचलून सावलीत ठेवायची आणि पुढे आठवडाभर प्लास्टिकखाली झाकून पाणी मारायचं. हे कुणालाही जमतं, कंबर मात्र कामातून जाते. भट्टी नाही, म्हणजे सरपणासाठी झाडंही तुटत नाहीत. रचाई पगारी स्थानिक गवंडीच करत.

खरा प्रश्न काय बांधतोय हा आहे. केनिया सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ पासूनचं धोरण मुलांना घरी किंवा नातेवाइकांकडे परत पाठवण्याचं आहे. कारण यातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात, गरिबीपायी किंवा शाळेसाठी मुलं तिथे ठेवलेली असतात. त्यामुळे कुणी बालगृहाच्या नव्या वसतिगृहासाठी बोलावलं तर आधी नोंदणी विचारा. पावसाच्या पाण्याची टाकी, संडास, वर्गखोली असं गावालाही वापरता येईल ते असेल तर खुशाल जा. फक्त मार्च ते मे टाळा, पावसात विटा वाळत नाहीत.