मदत हवी आहे: जुन्या लॅप स्टीलच्या खुंट्या झिजल्यात, भोकं मोठी करून नवीन बसवू का?

मंडळी, जरा सल्ला हवाय. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे सहा तारांचं एक जुनं लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) आहे. कंपनीचा बिल्ला कधीच गळून पडलाय, त्याच्या दोन बारीक खिळ्यांची भोकं तेवढी उरलीत. वय काढायला मागचं झाकण उघडलं तर व्हॉल्यूमच्या पॉटवर (आवाज कमी-जास्त करणारा बटणाखालचा भाग) ३०४२३१ असा छाप सापडला. ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, २ हा सालाचा शेवटचा आकडा आणि ३१ म्हणजे आठवडा, तेव्हा मी १९५२ धरून चाललोय. (पॉट तेव्हाचा म्हणजे वाद्यही तेव्हाचंच असं नाही हे माहितीय, वाद्य त्याच्या आधीचं नसणार एवढंच, तेही पॉट मूळचा असेल तर.) पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) अजून झकास बोलतो, लाकूड सरळ आहे, दुखणं फक्त खुंट्यांचं.

हेडस्टॉकच्या (खुंट्या बसतात त्या टोकाच्या) मागे दोन पट्ट्या, एकेका पट्टीवर तीन तीन खुंट्या, गिअर उघडे. आता तक्रारी ऐका. दुसरी, चौथी आणि सहावी तार लावताना बटण अर्धा फेरा नुसतंच फिरतं, काही होत नाही, मग टक् करून दात उडी मारतो आणि सूर पाहिजे तिथून पुढे निघून जातो, परत खाली आणा, परत तेच. पहिली, तिसरी, पाचवी मात्र ठीक आहेत, आता त्याच पट्ट्यांवर एक आड एक खुंटी बिघडावी हे काय गौडबंगाल आहे कळत नाही. त्यात बटणं सेल्युलॉइडची, आकसून पिवळी पडलीत, परवा चौथ्या तारेचं बटण पिळलं तर खडूसारखा भुगाच हातात आला, आता ती तार पकडीने लावतोय. वाजवताना लाज वाटते.

एक ओळखीचा गिटारवाला म्हणाला की हे सगळं काढून टाक, भोकं १० मिमीची करून घे आणि बंद गिअरचे आधुनिक ट्युनर बसव, पुढची वीस वर्षं बघायला नको. डोक्याला पटतं पण ड्रिल हातात घेतलं की हात थरथरतो. पट्टी काढून बघावी म्हणून एका स्क्रूला हात लावला तर त्याची खाचच उडाली, तेव्हापासून गप्प बसलोय. शेजारशेजारच्या पोस्टमधलं (तार गुंडाळली जाते त्या दांड्यांमधलं) अंतर मोजपट्टीने मोजलं, ३५ मिमी आलं. काय करू?

प्रतिसाद १

ड्रिल आधी कपाटात ठेवा. कापलेलं लाकूड परत येत नाही.

एक विचारतो, तुम्ही सी ६ मध्ये वाजवता आणि मधूनच ए ६ ला जाता का (तारा सुरात लावायच्या या दोन पद्धती)? कारण सी ६ म्हणजे वरून खाली ई, सी, ए, जी, ई, सी आणि ए ६ म्हणजे ई, सी शार्प, ए, एफ शार्प, ई, सी शार्प. बदलतात त्या तारा बरोबर दुसरी, चौथी, सहावी. तुमचं गौडबंगाल ते हेच असणार.

मूळ लेखक

अरे देवा. हो! एका बैठकीत चार-पाच वेळा जातो. हे डोक्यातच आलं नाही.

प्रतिसाद १

मग आता नीट ऐका, कदाचित एक पैसाही खर्च न करता काम होईल. या जुन्या खुंट्यांना बहुतेक १२ ला १ चा गिअर असतो, म्हणजे चाकाला १२ दात आणि बटणाच्या एका पूर्ण फेरीला चाक फक्त एक दात पुढे जातं. अर्धा सूर वर-खाली करायला बटण किती फिरवता? फार तर एखाद-दोन फेरे. म्हणजे इतकी वर्षं जे पिळणं झालं ते सगळं त्या एक-दोन दातांच्या डोक्यावर, बाकीचे दात तार चढवताना काय ते कामाला येतात. चाक पितळी असतं आणि वर्म (बटणाच्या दांडीवरचा, चाकाला फिरवणारा पेच) पोलादी, तेव्हा खातं ते चाकच.

तेव्हा तार काढा, बटण सावकाश फिरवत चाकाचा एकेक दात भिंगातून बघा. झिजलेला दात सुरीच्या पात्यासारखा पातळ दिसेल, शेजारचे जाड आणि बोथट असतील. तसं असेल तर नवीन तार चढवताना नेहमीपेक्षा अर्धा वेढा जास्त बसेल एवढी लांब ठेवा. तार सुरात आली की चाक अर्धं फिरलेलं असेल आणि वर्मसमोर ताजे दात येतील. बस.

आणि सूर नेहमी खालून वर न्या. जास्त चढला तर चांगला खाली उतरवा आणि परत वर या, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा तारेच्या ओढीने एकाच बाजूला राहतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण दात सगळीकडूनच गेले असतील तर बदलावंच लागेल, म्हणून मापाचं सांगते. नुसत्या मोजपट्टीने मोजून ऑर्डर देऊ नका, मी एकदा दिली आणि पोस्ट भोकात तिरके अडकून बसले. व्हर्निअर घ्या. पहिल्या पोस्टच्या बाहेरच्या कडेपासून तिसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, त्यातून एका पोस्टची जाडी वजा करा आणि दोनाने भागा. अंतर ३५, ३५.७, ३९ अशी वेगवेगळी येतात. ३५ आणि ३५.७ कागदावर सारखेच वाटतात, पण टोकाच्या दोन पोस्टमध्ये मिळून १.४ मिमीचा फरक पडतो आणि खुंटी जड फिरायला लागते.

भोकाचंही माप घ्या. जुन्या पद्धतीच्या दाबून बसवायच्या बुशिंगला (पोस्टभोवतीच्या धातूच्या कडीला) साधारण ८.७ मिमीचं भोक लागतं, बंद गिअरवाल्यांना १०. म्हणून तो ड्रिलचा सल्ला आला. त्याच जुन्या मापाच्या, तीन-तीनच्या पट्ट्या आजही नव्या बनतात, १५ ला १ किंवा १८ ला १ गिअरच्यासुद्धा, त्यामुळे लाकडाला धक्का लावायची गरजच नाही.

बसवताना डावी-उजवी पट्टी अदलाबदल करू नका. वर्म नटच्या (तारा ज्या खाचांवर टेकतात त्या पट्टीच्या) बाजूला आणि चाक हेडस्टॉकच्या टोकाकडे पाहिजे, म्हणजे तारेची ओढ चाकाला वर्मवर दाबते. उलटं झालं की ओढ चाकाला वर्मपासून लांब ढकलते, मग नवी खुंटीसुद्धा जुन्यासारखीच वागते. (अगदी जुन्या काही वाद्यांवर मुळातच उलटी पद्धत होती, म्हणून काढण्याआधी फोटो काढून ठेवा.)

खाच उडालेला स्क्रू: सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट धरा, थंड होऊ द्या, मग नीट बसणाऱ्या ड्रायव्हरने दाब देऊन फिरवा. गरमीने गंजाची पकड सुटते. पण त्याआधी जुनी बटणं तिथून काढा!! सेल्युलॉइड भपकन पेटतं. आणि सडत आलेली बटणं केसमध्ये कोंडून ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शेजारचं निकेल हिरवं पडतं.

प्रतिसाद ३

सूर "उतरतो" अशी तक्रार असेल तर खुंटीला दोष देऊ नका हां. वर्मगिअर उलटा फिरत नाही, तार ओढून ओढून बटण फिरवू शकत नाही. तिथे बहुतेक वेळा तार पोस्टवर घसरत असते नाहीतर नटच्या खाचेत अडकलेली असते. नटवर पेन्सिलीचं शिसं घासा. तुमचं उडी मारणं वेगळं, ते दातांचंच.

मूळ लेखक

चार दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, आणि प्रतिसाद १ ला साष्टांग दंडवत.

तारा काढल्या, नॅप्था आणि जुन्या टूथब्रशने गिअर घासले, काळं तेल आणि धूळ मिळून नुसतं डांबर झालं होतं. भिंगातून बघितलं तर चौथ्या तारेच्या चाकाला दोन दात अक्षरशः पात्यासारखे आणि बाकी दहा धडधाकट! अर्धा वेढा जास्त दिला, बटणाच्या दांडीला पकड लावूनच फिरवलं, आणि उडी गायब. दुसरीचंही तसंच झालं. चाकांवरचे स्क्रू थोडे ढिले होते तेही आवळले, त्याने पोस्टचं डुगडुगणं बरंच कमी झालं.

सहावी मात्र हट्टी निघाली, तिचे पाच-सहा दात गेलेत, जाड तार म्हणून असेल. तिला सध्या एका वेढ्यावर धकवतोय. व्हर्निअरने मोजलं: बाहेरून बाहेर ७७.७, पोस्ट ६.३, म्हणजे अंतर ३५.७ निघालं, ३५ नाही. बरं झालं ऑर्डर दिली नव्हती. भोक ८.७ आहे. स्क्रू गरम करून निघाला, बटणं आधी काढून खिडकीत ठेवली होती.

आता एकच राहिलं. नवीन प्लॅस्टिकची बटणं दांडी गरम करून दाबून बसवायची असतात असं वाचलं, पण माझ्या दांड्या टोकाला चपट्या आहेत आणि मध्ये एक बारीक खाच आहे. तशीच दाबू की आधी इपॉक्सी भरू? कोणी स्वतः केलं असेल तर सांगा, पाच बटणं अजून कशीबशी टिकून आहेत, ती जायच्या आत करायचंय.

प्रतिसाद २

दाबाच, त्या खाचेतच वितळलेलं प्लॅस्टिक शिरून पकड घेतं. आयर्न दांडीला लावा, बटणाला नाही, आणि बटण सरळ बसतंय ना हे समोरून आणि वरून दोन्हीकडून बघत जा, पाच सेकंदांत घट्ट होतं मग हलत नाही. माझं पहिलं तिरकं बसलंय, अजून तसंच आहे.